नसरीन, पुश नको

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. ते म्हणाले, "सिस्टर, चौतीस वर्षं लेबर रूममध्ये काढलीत. किती बाळंतपणं केलीत तो आकडा द्या आणि चार गमतीदार किस्से लिहा." मी म्हटलं, "भाऊ, बाळंतपण बाई करते. मी फक्त समोर उभी असते. आकडा मोजला नाही. आणि गंमत म्हणाल तर ती बाहेर बाकड्यावर चहा पिणाऱ्यांना सुचते." माझा स्वभावच असा फटकळ. समोरचा दुखावला की मग मला वाईट वाटतं. म्हणून घाईघाईनं म्हणाले, "एका शब्दावर लिहिते. चालेल का?"

तो शब्द म्हणजे पुश.

माझ्या लेकीच्या शब्दकोशात त्याचा अर्थ दिलाय, ढकलणे. बँकेच्या काचेच्या दारावर तो असतो. जीप बंद पडली की पोरं ओरडतात, पुश मार. आमच्या खोलीत मात्र त्याचा अर्थ वेगळा. कळ आली की श्वास भरून घ्यायचा, तोंड मिटायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि सगळा जोर खाली लावायचा. एवढं सगळं त्या एका शब्दात आलं. ज्या बाईला सही येत नाही तिला पुश येतं. धर्माबादकडच्या तेलुगू बोलणाऱ्या बाईला येतं, उदगीरकडच्या कानडी बोलणारीला येतं.

मराठी शब्द नव्हते का? होते की. पण 'कुंथ' म्हटलं की बाई लाजते, कारण तो शब्द दुसऱ्या खोलीतला. 'जोर लाव' म्हटलं तर हातापायात जोर लावते आणि टेबलाचे दांडे ओढत बसते. 'कळ दे' म्हटलं तर रडत विचारते, "अजून किती देऊ माय?" पुशला लाज चिकटलेली नाही, म्हणून बायांनी तो घेतला.

नर्सिंगच्या शाळेत आमच्या ट्यूटर बाई फार कडक. त्या म्हणायच्या, "पुश म्हणायला पोपटालाही शिकवता येतं. पुश नको म्हणायला नर्स लागते." तेव्हा आम्ही पोरी मागच्या बाकावर हसलो होतो. पण खरं तेच आहे. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्याशिवाय पुश म्हणायचं नाही. कळ नसताना म्हणायचं नाही. लघवी साठलेली असेल तर आधी ती काढायची. या तिन्ही गोष्टी बघितल्याशिवाय जी बाई पुश करते तिच्या पिशवीच्या तोंडाला सूज येते, ती थकते, आणि खऱ्या वेळेला तिच्याकडे ताकदच उरत नाही. बाहेर नातेवाईक ओरडत असतात, "लाव जोर, लाव जोर." त्यांना मी चौतीस वर्षं शिव्या घातल्या.

स्वतःलाही एकदा घातल्या. नोकरीची पहिली वर्षं. दोन टेबलं शेजारीशेजारी, मध्ये पडदा. एका टेबलावरची हिमायतनगरकडची बाई, तिची वेळ झालेली. मी जोरात म्हटलं, "पुश!" आणि पडद्यापलीकडच्या दुसरीनं, जिचं तोंड अजून अर्धंच उघडलं होतं, तिनं इमानदारीनं पुश केलं. बिचारी आत फाटली. टाके घालताना डॉक्टर माझ्याकडे असं बघत होते की जमीन दुभंगावी. त्या दिवसापासून मी आधी नाव घेते, मग शब्द. कमल, पुश. शेवंता, पुश नको. नवीन पोरी हसायच्या, म्हणायच्या वाघमारे सिस्टर हजेरी घेऊन राहिल्या. घेऊ द्या म्हटलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी भोकरच्या पलीकडे एका छोट्या सरकारी रुग्णालयात होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक रुग्णालयाची नव्हती. माणसांची नावंही बदलली आहेत, त्यांना विचारून.

आम्हा नर्सांची एक रीत आहे, कुठल्या पुस्तकात नाही. ड्युटी बदलताना टेबल रिकामं करून द्यायचं. अर्ध्यावर आलेली बाई पुढच्या सिस्टरच्या गळ्यात घालायची नाही. घातली तर ती काही बोलत नाही, पण चहाला बोलवत नाही. मला या रितीचा अभिमान होता. माझ्या टेबलावरची बाई माझ्याच हातानं मोकळी होणार, असं मी मिरवून सांगायची.

शनिवार होता. माझी ड्युटी दोनला संपायची आणि अडीचची बस होती लातूरची. लेक तिथं वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. रविवारी भेटू देत. पंधरा दिवसांनी मी तिला भेटणार होते, डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरून ठेवले होते. टेबलावर नसरीन होती. वय बावीस, पहिलंच बाळंतपण. नवरा हैदराबादला शिलाईच्या कारखान्यात. सोबत सासू, हमीदाचाची. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. सगळ्या गावाच्या पोरींच्या मनगटांची मापं त्या बाईला पाठ होती.

नसरीनच्या कळा चांगल्या होत्या, पण काम हळू चाललं होतं. बाळाचं डोकं वर होतं, खाली नीट बसलं नव्हतं. बारा वाजले. हमीदाचाची दर पाच मिनिटांनी दारातून डोकं घालायच्या.

"सिस्टर, लई येळ झाला हो. लेकरू दमलं असंल."

"चाची, पहिल्या खेपेला वेळ लागतो. बाहेर बसा."

"कायतरी करा ना बाई. तुमच्या हाताला यश हाय म्हंतेत सगळे."

आता बघा, हे शेवटचं वाक्य. माणसाला फुशारकी कुठं नेते ते सांगते. पाण्याची पिशवी फोडली की काम वेगानं पुढं सरकतं, हे आम्हाला माहीत असतं. आणि डोकं वर असताना ती कधीच फोडायची नाही, हेही माहीत असतं. कारण डोकं बुचासारखं खाली बसलेलं नसेल तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाळाची नाळ आधी खाली घसरते. मग डोकं तिच्यावर दाबलं जातं आणि बाळाचा श्वास बंद. डॉक्टर हिमायतनगरकडे शिबिराला गेले होते. जाताना म्हणालेही होते, "डोकं वर आहे, पाण्याला हात लावू नका, संध्याकाळी बघू."

मी घड्याळाकडे बघितलं आणि पिशवी फोडली.

पाणी धो धो आलं. मी लगेच आत तपासलं. बोटांना काहीतरी गुळगुळीत, गरम लागलं, आणि ते उडत होतं. नाळ.

अशा वेळी एकच करायचं असतं. आत घातलेला हात बाहेर काढायचा नाही. त्याच बोटांनी बाळाचं डोकं वर रेटून धरायचं, म्हणजे नाळेवर दाब येणार नाही, आणि बाईला सिझरच्या टेबलापर्यंत तसंच न्यायचं. मी आमच्या रुग्णालयातल्या मावशींना हाक मारली, गाडी काढायला सांगितली, नांदेडच्या मोठ्या रुग्णालयाला फोन लावायला सांगितलं. डॉक्टरांना फोन लागेना. नसरीनला म्हणाले, "नसरीन, ऐक. आता काहीही झालं तरी पुश नको. कितीही वाटलं तरी नको. तोंड उघड आणि बशीतला चहा फुंकतेस तशी फुंकत राहा."

तिनं भेदरून विचारलं, "सिस्टर, माझं बाळ?"

"आहे. माझ्या हातात आहे."

तासाभराचा रस्ता. गाडीत नसरीन, हमीदाचाची आणि मी, पुढं ड्रायव्हर माधवराव. स्ट्रेचरचा पट्टा तुटलेला होता, मागणी पाठवून किती दिवस झाले होते देव जाणे. नसरीनची कंबर उंच राहायला हवी होती, म्हणजे बाळ मागं सरकून राहतं. म्हणून निघण्याआधीच मावशींनी तिच्या कमरेखाली दोन ब्लँकेटच्या घड्या घातल्या आणि सगळं सरकू नये म्हणून तिचीच ओढणी कमरेवरून घेऊन स्ट्रेचरच्या दांड्याला आवळून बांधली. मी स्ट्रेचरच्या पायथ्याशी गुडघ्यांवर. उजवा हात आत, डावा दांड्याला.

एरवी दिवसभर बायांना पुश म्हणणारी मी, आज मीच पुश करत होते, उलट्या बाजूनं. बाळाला बाहेर येऊ नको म्हणून वर रेटत होते. बोटाशेजारून नाळेचा ठोका लागत होता. टक टक टक. तो लागतोय तोवर लेकरू आहे. कळ आली की डोकं माझ्या बोटांवर असं दाबायचं की बोटं मोडतील वाटायचं, आणि ठोका मंद व्हायचा. मी ओरडायची, "नसरीन, पुश नको! फुंक, फुंक, फुंक!" ती फुंकायची. घामानं निथळलेली, ओठ फाटलेले, पण फुंकायची. कळ गेली की ठोका परत यायचा आणि मलाही श्वास यायचा.

"माधवराव, किती राहिलं?"

"बारड आलं बघा बाई. रस्त्याचं काम चालू हाय, मी काय करू?"

"हळू न्या, पण थांबू नका."

"हळूबी न्या अन् थांबूबी नका," असं तो पुटपुटला. त्याचंही खरं होतं. माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. बोटं आपली आहेत की नाहीत कळेना, फक्त तो ठोका कळत होता.

हमीदाचाची नसरीनच्या बाजूच्या बाकड्यावर बसल्या होत्या, चादरीवर हात ठेवून, दुआ म्हणत. आमच्या भागात, हिंदू म्हणा, मुसलमान म्हणा, बौद्ध म्हणा, सगळ्या जुन्या बायांची एक समजूत आहे. बाळंतपण अडलं की घरातल्या गाठी सोडायच्या. पेटीचं कुलूप उघडायचं, बाईची वेणी सोडायची, नाडी सैल करायची. माझ्या आईनंही माझ्या वेळी सगळ्या घरातली कुलपं उघडून ठेवली होती. गाठ असली की लेकरू अडकतं म्हणतात. आणि इथं तर सुनेच्या पोटावरच्या ओढणीला एवढी मोठी गाठ. त्या माउलीनं चादरीखाली हात घालून, कुणाला न सांगता ती सोडली.

पुढचा खड्डा आला आणि गाडी उसळली. ब्लँकेटच्या घड्या सरकल्या, नसरीनची कंबर धपकन खाली आली. नेमकी त्याच क्षणी कळ. डोकं सगळ्या वजनानिशी माझ्या बोटांवर आलं, बोटं वाकली, आणि ठोका गेला.

गेला म्हणजे गेला. मी वाट बघते, नाही. पुन्हा रेटते, नाही. मी गुडघ्यावरून उठून खांद्यानं नसरीनची मांडी वर उचलली, सगळा जीव लावून डोकं वर ढकललं. मनात मोजत होते. वीस झाले, तीस झाले. कुठंतरी पुढं, माझं मोजणं चुकल्यावर, एक अगदी बारीक ठोका लागला. मग दुसरा.

तेव्हा माझी नजर सुटलेल्या ओढणीवर गेली.

"कोणी सोडली ही?"

हमीदाचाची म्हणाल्या, "गाठ व्हती बाई. गाठीनं लेकरू अडकलं व्हतं. म्हणून म्या..."

"अक्कल आहे का? लेकरू मारायला निघालीस का स्वतःच्या हातानं?"

हे मी म्हणाले. मोठ्यानं, नसरीनसमोर, तिच्या सासूला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईला एकेरीत. चाचींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. नसरीननं मान वळवून सासूकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा सगळे तयार होते. ट्रॉलीवर नसरीन, तिच्या पायाशी गुडघ्यांवर मी, हात तसाच, अशी आमची वरात ऑपरेशनच्या खोलीत शिरली. वरून डॉक्टरांनी बाळ काढलं तेव्हा माझ्या बोटांवरचं वजन एकदम नाहीसं झालं. मुलगी होती. रडली नाही. त्यांनी तिला घेतलं, नळी घातली, हवा दिली. मी भिंतीला टेकून उभी होते, हात खाली लोंबत. किती वेळानं कोण जाणे, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज आला. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

मग एका तरुण डॉक्टरनं कागद भरायला घेतला. "सिस्टर, पाणी केव्हा गेलं? आपोआप की फोडलं?"

"आपोआप," मी म्हणाले.

परत येऊन आमच्या केसपेपरवरही मी तेच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, वळणदार. पाणी आपोआप गेले. वेळ बारा वाजून दहा मिनिटे. वेळ तेवढी खरी होती.

पुढं काय झालं? माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. तासभर हात काढला नाही म्हणून एका साहेबांनी भाषण केलं. मी खाली मान घालून बसले होते, लोकांना वाटलं विनय आहे. कसला विनय डोंबलाचा.

मुलगी, तिला आपण माहिरा म्हणू, वर्षाची झाली तरी बसेना. डावा हात मुठीत आवळलेला, डावा पाय ताठ. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्माच्या वेळी मेंदूला हवा कमी पडली. हमीदाचाची दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांना यायच्या. पट्टा बांधताना म्हणायच्या, "सिस्टर, माझ्या हातानं झालं. ह्या हातानं गाठ सोडली म्या." आणि मी काय म्हणायची? "चाची, अल्लाची मर्जी. मनाला लावून घेऊ नका." बघा, किती गोड बोलता येतं मला. गाठ सुटली नसती तरी त्या पोरीची नाळ माझ्यामुळंच खाली आलेली होती, एवढं एक वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही. चाची माझा हात धरून म्हणायच्या, "तुम्ही व्हत्या म्हणून जीव तरी वाचला." नसरीननं एका घरात राहून चूल वेगळी केली. सासूच्या हातचं पाणी ती पीत नाही, असं मावशींनी मला सांगितलं. मी बदली मागून घेतली, लातूर जिल्ह्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले.

गेल्या उन्हाळ्यात नसरीनचा फोन आला. माहिराच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जन्माच्या वेळचे जुने कागद हवे होते. तिथं कुणी दाद देईना, म्हणाली, "सिस्टर, तुमची ओळख हाय, तुम्ही काढून द्या ना." मी गेले. जुन्या गठ्ठ्यातून तो केसपेपर निघाला. माझं वळणदार अक्षर समोर. कागद झेरॉक्स करून पिशवीत घातला आणि रुग्णालयाच्या पायरीवर बसून राहिले. बस पकडून पळून जावं असं फार वाटलं. मागंही बसपायीच झालं होतं सगळं. उठले आणि बाजाराकडे चालू लागले.

दुकानात हमीदाचाची एका नवरीच्या हातात चुडा भरत होत्या. त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. शेजारी माहिरा बसून उजव्या हातानं बांगड्या रंगाप्रमाणे दोऱ्यात ओवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा पंजा मोठा हाय. तुम्हाला दोन-दहाच्या मापाच्या लागतेत." मला हसू आलं. नवरी गेल्यावर मी म्हणाले, "चाची, नसरीनला आतून बोलवा. दोघींशी बोलायचंय."

नसरीन शिवणयंत्रावरून उठून आली, दाराला टेकून उभी राहिली, सासूपासून लांब. मी कागद काढला. आणि सांगितलं. डोकं वर होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मला बस पकडायची होती. पिशवी मी फोडली. नाळ त्यामुळं खाली आली. इथं 'आपोआप' लिहिलंय ते खोटं आहे, ते मी लिहिलंय. चाचींनी गाठ सोडली नसती तरी ह्या पोरीचं काय झालं असतं ते कुणाला सांगता येणार नाही. पण ती गाठ बांधायची वेळच माझ्यामुळं आली.

चाची हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि त्यांनी त्या द्याव्यात असंच वाटत होतं. नसरीनच आधी बोलली. पण ती म्हणाली ते भलतंच होतं.

"सिस्टर, खड्ड्यात गाडी उसळली ना, तवा म्या पुश केलं व्हतं."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"तुम्ही नको नको म्हणत व्हत्या. मला आवरलंच न्हाई. जोरात केलं. तुम्हाला कळलं व्हतं का?"

"कळलं होतं. माझ्या बोटांना कळलं होतं."

"मग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"सांगण्यासारखं नव्हतंच ते, नसरीन. कळ पुरी भरली की ते शरीर आपणहून करतं. पोटातून येतं, बाईला विचारून येत नाही. मी 'नको' म्हणत राहते कारण दहातल्या आठ वेळा फुंकून निभावतं. दोन वेळा नाही निभावत. चौतीस वर्षांत एक बाई मी बघितली नाही जिनं ते दर वेळी थांबवलं."

तिनं दाराची चौकट धरली. "मला वाटलं म्याच मारलं हिचं अंग. कुणी विचारू नये म्हणून सारखं ह्यांचंच नाव घेत राहिले. गाठ सोडली, गाठ सोडली. म्या ह्यांच्या हातचं पाणी सोडलं."

हमीदाचाचींनी माझ्याकडे बघितलंच नाही. हातातल्या बांगड्या तशाच खाली ठेवल्या आणि सुनेकडे बघत म्हणाल्या, "आठ साल, दुल्हन? आठ साल तू बी?"

दोघी रडल्या. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. माफ केलं असंही कुणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच आहे. मी चपला घालत होते तेव्हा नसरीन पायरीपर्यंत आली. डोळे पुसून म्हणाली, "सिस्टर, हे खोटं कागदावर लिहिलं तसं खरंबी लिहा. रुग्णालयात लिहून द्या. अन् मराठीत छापा कुठंतरी. माहिराला शाळेत मराठी हाय. मोठी झाली की वाचल."

रुग्णालयाला पत्र त्याच आठवड्यात दिलं. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. आणि हे छापायला देण्याआधी मी नसरीनला फोन केला, खड्ड्याजवळचं तुझं पुश लिहू का म्हणून विचारलं.

"लिहा," म्हणाली. "पर असं लिहा, का ते म्या केलं न्हाई, ते झालं."